न दुखणारा पाय : मदुरा फूट, हेन्री कार्टर आणि उशिरा येणारे रुग्ण

पायाच्या दुखण्यांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. कुरूप, भोवरी, चिखल्या, भेगा, टाच धरणे, घोटा मुरगळणे, पाय लचकणे. ही सारी दुखणी नावाप्रमाणे खरोखरच दुखतात, आणि दुखतात म्हणून माणूस त्यांची दखल घेतो. कुरूप झालेला मनुष्य एक पाऊल धड टाकू शकत नाही; पण कुरुपाने कुणाचे हाड पोखरल्याचे ऐकिवात नाही. आजचा धागा याच्या नेमक्या उलट असलेल्या रोगाविषयी आहे. हा रोग पायात वर्षानुवर्षे राहतो, हाडांत बोगदे करतो, आणि बराच काळ जवळजवळ दुखतच नाही. वैद्यकाच्या इतिहासात त्याला एका भारतीय शहराचे नाव मिळाले, आणि त्याचा पहिला सखोल अभ्यास मुंबईत झाला. तो करणारा माणूस जगातल्या सर्वांत प्रसिद्ध शरीररचनेच्या ग्रंथाचा चित्रकार होता व पुढे सुमारे नऊ वर्षे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता, हे मात्र आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते.

आधी रोगाची ओळख करून घेऊ. शेतात अनवाणी काम करणाऱ्याच्या पायात काटा रुततो, बहुधा बाभळीचा. काटा निघतो, जखम भरते, विसरली जाते. मातीतील बुरशी किंवा जिवाणू मात्र त्या वाटेने आत शिरलेला असतो. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, तिथे एक टणक गाठ दिसू लागते. ती दाबली तरी दुखत नाही. गाठ पसरते, पाऊल जाड होते, तळव्याची कमान नाहीशी होते. मग त्वचेवर बारीक छिद्रे पडतात. एक बुजते तोवर शेजारी दुसरे उघडते. त्यांतून पाण्यासारखा वा पुवासारखा स्राव येतो आणि त्या स्रावात खसखशीएवढे दाणे असतात: काळे, फिकट पांढरे, पिवळसर किंवा लाल. हे दाणे म्हणजे रोगकारक जीवाच्या घट्ट वसाहती. दरम्यान आतली हाडे पोखरली जात असतात. कंडरा आणि चेतातंतू मात्र बऱ्याच उशिरापर्यंत शाबूत राहतात. म्हणूनच पाय बेढब होऊनही चालता येते, आणि चालता येते म्हणून माणूस चालत राहतो.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या प्रकरणात ‘वल्मीक’ नावाचा एक विकार येतो. वल्मीक म्हणजे वारूळ. तळहात, तळपाय, सांधे, मान अशा ठिकाणी वारुळासारखी हळूहळू वाढणारी, अनेक तोंडांनी स्रवणारी ही गाठ आहे. मानेचा उल्लेख पाहता वल्मीक आणि मदुरा फूट यांत सरळ बरोबरीचे चिन्ह घालणे मला घाईचे वाटते. त्या एका नावाखाली अनेक विकार असावेत. परंतु चिकित्सास्थानात पुढे जे सांगितले आहे ते आपल्या विषयाच्या गाभ्याशी भिडते. वल्मीक शस्त्राने काढून क्षार व अग्नी यांनी तो भाग शुद्ध करावा, असा उपचार तिथे आहे. मात्र हातापायांवरचे, पुष्कळ छिद्रांनी व्यापलेले आणि सुजलेले वल्मीक जाणत्याने सोडून द्यावे, अशी ताकीदही आहे. म्हणजे लहान असताना कापता येते. वारूळ पुरते झाले की वैद्य हात जोडतो. उपचाराला एक वेळ असते आणि ती टळू शकते, हे ज्ञान इतके जुने आहे.

आधुनिक वैद्यकाच्या दप्तरात हा रोग १८४२ साली शिरतो. मद्रास इलाख्यातील मदुराईच्या दवाखान्यात काम करणाऱ्या गिल या डॉक्टरने अशा पायांचे वर्णन लिहून ठेवले. १८४६ मध्ये तिथल्याच कोलब्रुकने ‘मदुरा फूट’ हे नाव वापरले आणि ते रूढ झाले. बिचाऱ्या मदुराईचा यात काही दोष नव्हता. हा रोग सिंध, राजपुताना, गुजरात, दख्खन असा कितीतरी ठिकाणी होता; लिहून ठेवणारा पहिला माणूस मदुराईत बसला होता, एवढेच. रोगांच्या नावांत गावे अशीच अडकतात.

आता हेन्री व्हँडाइक कार्टरकडे वळू. जन्म १८३१, इंग्लंडमधील हल येथे. वडील जलरंगातले चित्रकार. मुलगा लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात वैद्यक शिकला आणि तिथेच हेन्री ग्रे या महत्त्वाकांक्षी शल्यचिकित्सकाने त्याला आपल्या नव्या ग्रंथाची चित्रे काढायला घेतले. १८५८ साली प्रसिद्ध झालेला ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ हाच तो ग्रंथ. त्यात ३६३ चित्रे होती. ग्रेला प्रत्येक प्रतीमागे मानधन मिळत गेले. कार्टरला एकरकमी १५० पौंड. मुखपृष्ठाच्या मुद्रितावर दोघांची नावे सारख्या आकारात होती, तेव्हा कार्टरचे नाव लहान टंकात घ्यावे असे ग्रेने छापखान्याला कळवले. रूथ रिचर्डसन या इतिहासकार बाईंनी हा सारा व्यवहार २००८ च्या आपल्या पुस्तकात उलगडला आहे. आज जगभर ‘ग्रे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या ग्रंथाचे यश निम्म्याहून अधिक त्या स्वच्छ, नावे थेट अवयवांवरच लिहिलेल्या चित्रांत आहे, असे माझे मत.

ग्रंथ बाजारात आला त्याच वर्षी कार्टर कंपनीच्या वैद्यकीय सेवेत शिरून मुंबईला पोचला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात तो शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवू लागला. हे कॉलेज आणि त्याला लागून असलेले जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय, म्हणजे आपले जे. जे., १८४५ मध्ये सुरू झालेले. (त्या काळात मुंबईत हेन्री जॉन कार्टर नावाचा आणखी एक डॉक्टर व निसर्गअभ्यासक होता. जुनी नियतकालिके चाळताना दोघांची गल्लत होते. संशोधन करणाऱ्यांनी मधले नाव तपासून घ्यावे.)

रुग्णालयात कापलेले पाय येत, आणि कार्टर ते उघडून पाहू लागला. निरोगी शरीर चित्रात कसे मांडावे याचा जगातला कदाचित सर्वोत्तम हात त्याच्यापाशी होता. आता त्या हातासमोर पुरते विस्कटलेले पाऊल होते. १८६० साली बॉम्बे मेडिकल अँड फिजिकल सोसायटीच्या इतिवृत्तात त्याचा दीर्घ निबंध आला. त्यात त्याने ठामपणे मांडले, की हा रोग बुरशीचा आहे. पुढे त्याने त्याला ‘मायसेटोमा’ असे नाव दिले. ग्रीक भाषेत मायकेस म्हणजे बुरशी आणि ओमा म्हणजे गाठ. काही पायांत बंदुकीच्या दारूसारखे काळे दाणे होते, तर काहींत माशांच्या अंड्यांसारखे फिकट. ते हाडांतल्या गोल पोकळ्यांत भरलेले असत. पोकळ्यांना जोडणारे मार्ग थेट कातडीवरच्या छिद्रांपर्यंत येत. बाहेरून वारूळ, आतूनही वारूळच. १८७४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या त्याच्या स्वतंत्र ग्रंथात या पायांचे रंगीत चित्रपट आहेत.

इथे जरा थांबायला हवे, कारण या विषयातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग इथे आहे. कार्टरने जे पाहिले ते कापलेल्या पायांत पाहिले. त्याआधीच्या डॉक्टरांनीही बहुतांशी तेच पाहिले. म्हणजे या रोगाचे प्रारंभीचे वैद्यकीय ज्ञान त्याच्या शेवटावरून उभे राहिले. सुरुवातीची गाठ, पहिले छिद्र, ज्या टप्प्यावर थोडक्यात भागले असते ते सारे गावात, घरात, बांधावर घडून गेलेले असे. रुग्णालयाच्या वहीत माणूस प्रवेश करी तो पाय गमावण्यासाठी. वसाहतकालीन दवाखान्यांचे अहवाल वाचताना हे नेहमी ध्यानात ठेवावे लागते. त्यांत आजारी माणसे नसतात, दवाखान्यापर्यंत पोचलेली माणसे असतात. या दोहोंत किती कोसांचे आणि किती वर्षांचे अंतर होते, ते त्या रकान्यांत मावत नाही.

ही माणसे उशिरा का येत? ‘अडाणीपणा’ हे सरकारी अहवालांचे आवडते उत्तर. मला ते पटत नाही. पहिले कारण रोगातच आहे: दुखत नाही. पेरणी तोंडावर असताना न दुखणाऱ्या गाठीसाठी जिल्ह्याच्या गावी कोण जाईल? दुसरे कारण असे, की गावात उपचार होतच होते. लेप होते, पाले होते, डाग देण्याची रीत होती. आणि तिसरे कारण मला सर्वांत वजनदार वाटते: दवाखान्यात गेले की पाय कापतात, ही ख्याती. ती खोटी नव्हती. प्रगत अवस्थेतील मदुरा फुटावर एकोणिसाव्या शतकातल्या शल्यचिकित्सकापाशी दुसरा उपाय नव्हता. १८४६ मध्ये ईथर आणि १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म आल्यावर शस्त्रक्रियेची वेदना सरली, पण जखम चिघळण्याचा धोका तसाच राहिला. पाय गमावलेल्या शेतकऱ्याचे पुढे काय, हाही प्रश्न होताच. तेव्हा माणूस घाबरून थांबे. थांबल्यामुळे रोग वाढे. वाढल्यामुळे पाय खरोखरच कापावा लागे. आणि गावात दवाखान्याची ती ख्याती आणखी पक्की होई.

चौथी गोष्ट वहाणांची. अनवाणी पाय हे केवळ गरिबीचे लक्षण समजणे अपुरे आहे. चिखलात, भाताच्या खाचरात वहाण उपयोगाची नसते, हे खरे. पण देशाच्या अनेक भागांत कुणी कुठल्या आळीतून पायतण घालून जावे आणि कुणी ते हातात घ्यावे, हे जातीने ठरवलेले होते. कोणत्या पायात काटा रुतणार, याचा निर्णय काही अंशी तिथेही होत होता.

कार्टर १८६३ ते १८७२ साताऱ्यास होता. छत्रपतींचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यानंतरचा हा काळ. लंडनच्या वैद्यकीय वर्तुळापासून दूर, खाजगी आयुष्यात दुखावलेला हा माणूस तिथे रुग्ण पाहत आणि टिपणे काढत राहिला. त्याची तरुणपणची दैनंदिनी लंडनच्या वेलकम संग्रहात आहे. स्वतःवर सतत नाराज असणारा, धर्मचिंतनात गुंतलेला तरुण तीत भेटतो.

त्याचा सिद्धान्त मात्र बिनविरोध मान्य झाला नाही. कार्टरला काही नमुन्यांवर एक लालसर बुरशी वाढलेली दिसली होती. बर्कली या इंग्लंडमधल्या बुरशीतज्ज्ञाने तिला कार्टरचेच नाव देऊन ‘कायोनायफे कार्टराय’ म्हटले. पुढे कळले, की ती बुरशी रोगाचे कारण नव्हतीच. नमुन्यावर नंतर उगवलेली उपरी होती. १८७५ मध्ये कलकत्त्याच्या लुइस आणि कनिंगहॅम या संशोधकांनी कार्टरच्या म्हणण्यावर सविस्तर आक्षेप घेतले: बुरशी हा रोगाचा परिणाम कशावरून नाही? प्रश्न रास्त होता. मग १८९४ मध्ये व्हिन्सेंट या फ्रेंच डॉक्टरने अल्जीरियातील एका रुग्णाच्या पायातून सूक्ष्मजीव वेगळा करून वाढवला, पण तो बुरशी नव्हता. तंतूसारखा वाढणारा जिवाणू होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी काळ्या दाण्यांमागची खरी बुरशीही ओळखली गेली आणि तिच्या नावात मदुराई कायमची जाऊन बसली: मदुरेला.

म्हणजे ‘बाहेरून शिरलेला सजीव’ हे कार्टरचे म्हणणे बरोबर, नेमका सजीव चुकीचा, आणि रोग एक नसून दोन. एक बुरशीचा, दुसरा जिवाणूंचा. बाहेरून दोन्ही पाय सारखेच दिसतात. हा भेद पुस्तकी नाही. जिवाणूंच्या प्रकारात हाडे लवकर पोखरली जातात, पण प्रतिजैविकांचा लांब, काही महिन्यांचा उपचार त्यावर बऱ्यापैकी लागू पडतो. बुरशीचा प्रकार अधिक संथ आणि अधिक चिवट. त्याला बुरशीनाशक औषधे वर्षभर वा त्याहून जास्त काळ द्यावी लागतात व सोबत बहुधा शस्त्रक्रियाही. भारतात एकूण पाहता जिवाणूंचा प्रकार जास्त आढळतो. राजस्थानात काळ्या दाण्यांचा बुरशीजन्य प्रकार अधिक. म्हणून दाण्याचा रंग आणि त्याची तपासणी या गोष्टींवर पाय राहणार की जाणार, हे पुष्कळदा अवलंबून असते.

योगायोग असा, की कार्टरने पुढची कित्येक वर्षे ज्या दुसऱ्या रोगाला दिली तोही न दुखणाराच होता: कुष्ठरोग. १८७३ मध्ये तो नॉर्वेला गेला, बर्गनमधील हान्सेनचे काम त्याने प्रत्यक्ष पाहिले आणि परतल्यावर हिंदुस्थानातही हा रोग संसर्गजन्य मानून पावले उचलावीत असा आग्रह धरला. कुष्ठरोगात चेतातंतूच मरतात, त्यामुळे पायाला खडा लागला, भाजले, चिरले तरी समजत नाही. आज मधुमेहाने बधिर झालेल्या पायांची कथा याहून वेगळी नाही. घरातल्या मोठ्या माणसांच्या चपलेत दिवसभर खडा असतो आणि संध्याकाळी रक्त दिसल्यावर कळते.

पाय गमावलेल्यांना नवा पाय देण्याची गोष्ट हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. इथे एवढेच, की जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६०च्या दशकाअखेरीस रबराचा जो पाय घडवला, त्यात मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, अनवाणी शेतात उतरणे या गरजा मुळापासून धरल्या होत्या. परदेशी बनावटीच्या पायांत त्यांचा विचारच नव्हता.

मदुरा फुटाकडे जगाचे लक्ष मात्र फार उशिरा गेले. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतले ते २०१६ मध्ये, गिलच्या नोंदीनंतर १७४ वर्षांनी. त्याचे जगातले सर्वांत मोठे संशोधन केंद्र सुदानमध्ये खार्टुमला १९९१ पासून चालत होते. रुग्ण उशिरा येतात हे ओळखून तिथले डॉक्टर स्वतः खेड्यांत जाऊन शस्त्रक्रिया करू लागले होते. एकोणिसाव्या शतकातल्या त्या फेऱ्यातून बाहेर पडण्याची ती वाट होती: पाय दवाखान्यात येण्याआधी दवाखाना गाठीपर्यंत नेणे. २०२३ साली सुदानात यादवी युद्ध पेटले आणि त्यात हे केंद्र उद्ध्वस्त झाले. सुमारे चाळीस वर्षांत साठवलेले नमुने आणि नोंदी त्याबरोबर गेल्या. ग्रंथालय जळाल्याची बातमी इतिहासाच्या विद्यार्थ्याला लगेच कळते. शीतपेट्या फुटल्याची बातमीही तशीच वाचली पाहिजे.

आता आजच्या पायांविषयी. मी डॉक्टर नाही. पण हा इतिहास वाचल्यावर ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ हे वाक्य घरात ऐकवत नाही. पायावर किंवा हातावर टणक, न दुखणारी गाठ आली, ती महिनाभरात जात नसेल किंवा वाढत असेल, तर ती दाखवावी. शेतात काम करणाऱ्यांनी आणि कधी काटा रुतल्याचे आठवत असलेल्यांनी तर नक्कीच. गाठीला तोंड फुटून स्राव येऊ लागला तर दिवस घालवू नयेत. मधुमेह असलेल्याच्या पायाची कुठलीही जखम, दुखो वा न दुखो, लगेच तपासून घ्यावी. दुखणाऱ्या गोष्टींचेही काही नियम आहेत. पडल्यावर पाय टेकवताच येत नसेल किंवा त्याचा आकार बदललेला दिसत असेल, तर चोळत न बसता त्याच दिवशी क्ष-किरण चित्र काढावे. तापासोबत एखादा सांधा लाल, गरम होऊन सुजला तरीही त्याच दिवशी जावे, कारण पू झालेला सांधा थोड्या दिवसांत कायमचा निकामी होऊ शकतो. रात्री झोपेतून उठवणारे हाडाचे दुखणे आठवडेच्या आठवडे अंगावर काढू नये. सकाळी पहिल्या पावलाला धरणारी टाच मात्र बहुतेकदा विश्रांती, ताण देण्याचे व्यायाम आणि मऊ तळव्याचे पादत्राण यांनी हळूहळू सुटते. काही आठवड्यांत फरकच पडला नाही तर दाखवावी.

मदुरा फुटाची शंका असेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाणे बरे. तिथे शल्यचिकित्सा, अस्थिरोग, त्वचारोग आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे चारही विभाग एका आवारात असतात. गाठीचा खोलवरचा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, त्यातला जीव वाढवून ओळखतात आणि हाडापर्यंत काय पोचले आहे ते चित्रांवरून ठरवतात. त्याआधी दुकानातून आणलेल्या प्रतिजैविकांचे अर्धवट डोस घेऊ नयेत. त्यांनी स्राव तात्पुरता थांबतो आणि तपासणी कठीण होते. आणि पट्टी बदलताना तिच्यावर बारीक काळे, पांढरे किंवा लाल दाणे दिसले, तर ती पट्टी फेकू नये. स्वच्छ कागदात गुंडाळून डॉक्टरांकडे न्यावी.